आधी कर्जाकडे बघा: 'द क्लोन वॉर्स'चे सिनेटवाले एपिसोड पुन्हा कसे बघायचे आणि त्यावर कसं लिहायचं

'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स' ही अ‍ॅनिमेटेड मालिका बघितलेली बरीच मंडळी भेटतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी सिनेटचे, म्हणजे तिथल्या संसदेचे एपिसोड पुढे ढकलत बघितलेले असतात. तो गोल भलामोठा हॉल आला, हवेत तरंगणारे पॉड आले, कोणीतरी सिनेटर उठून बोलायला लागला की बोट आपोआप दहा सेकंद पुढे. मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या तलवारींची मारामारी बघायची होती, बँकेच्या व्याजदरावरची चर्चा कोणाला हवी होती. नंतर सगळी मालिका नीट क्रमाने पुन्हा बघितली तेव्हा कळलं की युद्ध का थांबत नाही याचं उत्तर त्या ढकललेल्या एपिसोडमध्येच आहे, रणांगणावर नाहीच. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की या मालिकेचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर तलवारीच्या मागे न जाता कर्जाच्या मागे जायचं. कर्ज कोण मागतंय, कोण देतंय आणि शेवटी फेडतंय कोण, एवढंच.

हा लेख ज्यांना असा एखादा राजकीय आर्क, म्हणजे काही एपिसोडभर चालणारी एक गोष्ट, पुन्हा बघून त्यावर पहिल्यांदाच रिव्ह्यू लिहायचाय त्यांच्यासाठी आहे. मी उदाहरण म्हणून तीनच एपिसोड घेतेय. पद्धत एकदा हाताला बसली की बाकीचे आर्क तुम्ही तुमचे कराल.

एक गोष्ट आधी सांगते. पुढे सगळे स्पॉयलर आहेत. रिपब्लिक नावाच्या राज्याचा प्रमुख चॅन्सलर पॅल्पटीन हाच छुपा खलनायक डार्थ सिडियस आणि शत्रूचा, म्हणजे रिपब्लिकपासून वेगळे झालेल्या सेपरेटिस्टांचा नेता काउंट डूकू हा त्याचाच चेला, म्हणजे युद्धाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या मुठीत, हे माहीत असल्याशिवाय या आर्कचा रिवॉच करण्यात अर्थ नाही. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी आधी १९९९, २००२ आणि २००५ चे तीन सिनेमे बघून घ्या मग या.

कुठले एपिसोड आणि कुठल्या क्रमाने

मालिका अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर ३ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाली आणि थांबत-सुरू होत २०२० मध्ये सातव्या सीझनला संपली, एकूण १३३ एपिसोड. आता यातली गंमत अशी की एपिसोड ज्या क्रमाने दाखवले गेले त्या क्रमाने गोष्ट घडतच नाही. अगदी सुरुवातीच्या घटनांचं बघा, सीझन २ चा सोळावा एपिसोड सगळ्यात आधी येतो आणि त्यानंतर सीझन १ चा सोळावा. नवीन माणूस इथेच गोंधळतो. आपल्या आर्कचं पण तसंच आहे:

१. 'हीरोज ऑन बोथ साइड्स', सीझन ३, एपिसोड १०
२. 'पर्स्यूट ऑफ पीस', सीझन ३, एपिसोड ११
३. 'सिनेट मर्डर्स', सीझन २, एपिसोड १५

तिसरा एपिसोड मार्च २०१० मध्ये दाखवला गेला आणि पहिले दोन त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे टीव्हीवर बघणाऱ्यांनी शेवट आधी बघितला आणि कारण आठ महिन्यांनी. तुम्ही वर दिलेल्या क्रमानेच बघा. प्रत्येकी बावीस मिनिटांच्या आसपास, तिन्ही मिळून एका संध्याकाळचं काम.

वेळ असेल तर त्याआधी सीझन १ चा आठवा, 'बॉम्बॅड जेडाय' बघून ठेवा. तो हलकाफुलका आहे, जार जार बिंक्सचा धिंगाणा आहे, पण त्यात रोडिया ग्रहाचा सिनेटर ओनाकोंडा फार भेटतो. त्याच्या लोकांना खायला नाही म्हणून तो सेपरेटिस्टांशी हातमिळवणी करतो आणि आपल्या आर्कची नायिका, सिनेटर पाद्मेला त्यांच्या हवाली करतो, पाद्मे ज्याला लहानपणापासून अंकल ओनो म्हणते तो हा माणूस. हे माहीत असलं की 'सिनेट मर्डर्स'मधला खून नुसता खून राहत नाही.

पहिल्या फेरीला फक्त बघा

वही नको, पॉज नको, फोन बाजूला. सबटायटल मात्र लावा, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी लावा, कारण नावं भरपूर आहेत आणि एलियन सिनेटरांचे उच्चार पटकन पकडता येत नाहीत. घरच्या कोणाला सोबत बसवता आलं तर फारच छान. ज्याने मालिका बघितलेली नाही असं माणूस सोबत असलं की तुम्हाला मधेमधे सांगावं लागतं की हा कोण, तो का चिडला, आणि तिथेच कळतं की आपल्याला स्वतःला किती समजलंय.

माझ्या बाबतीत ते माणूस म्हणजे आई. आम्ही लातूरचे. 'पर्स्यूट ऑफ पीस' बघताना ती शेजारी भाजी निवडत बसली होती, मी तिला मराठीत सांगत होते. त्यात पाद्मेच्या घरी काम करणारी टेक्ला मिनाउ नावाची बाई आहे, मदतनीस म्हणा. सिनेटमध्ये आणखी पन्नास लाख क्लोन सैनिक, म्हणजे एकाच माणसाच्या प्रती म्हणून बनवलेले सैनिक, घ्यायचं विधेयक आलंय, त्यासाठी बँकेकडून प्रचंड कर्ज काढायचंय. आणि ही टेक्ला सांगते की तिच्या भागात लाइट आणि पाणी आता क्वचितच येतं, पोरांना दोन आठवड्यांनी एकदा आंघोळ मिळते, रात्री अभ्यासाला उजेड नसतो. हे मी आईला सांगितलं तर तिचे हात थांबले, म्हणाली, "अगं बाई, लेकरांना पंधरा दिवसाला आंघोळ? एवढ्या मोठ्या गावात?" एप्रिल २०१६ ला मिरजेहून आमच्या गावाला पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणींमध्ये पाच लाख लिटर पाणी. तेव्हा घरात ड्रम, घागरी, पातेली, सगळं भरून ठेवलेलं असायचं आणि आंघोळीचं पाणी बादलीत नाही तांब्याने मोजून मिळायचं. आईला क्लोन कोण, जेडाय म्हणजे ते लाइटसेबरवाले योद्धे कोण, काही माहीत नव्हतं. पण ती बाई काय बोलतेय ते माझ्यापेक्षा तिला आधी कळलं, आणि पुढे पाद्मे सिनेटमध्ये उभी राहून तेच सांगायला लागली तेव्हा तिने भाजीची परात बाजूला सरकवली.

मी तो सीन त्याआधी दोनदा बघितला होता आणि मला त्यात एक चांगलं भाषण एवढंच दिसलं होतं.

म्हणून सांगते, पहिल्या फेरीत आपण कुठे थांबलो, कुठे गप्प झालो, कुठे कंटाळलो एवढं फक्त लक्षात ठेवा. रिव्ह्यूची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच सापडते.

दुसऱ्या फेरीला वही घ्या

आता पॉज करत बघायचं. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: कोण काय मागतंय, त्याचा खर्च कोणावर पडतोय, आणि फायदा कोणाला. एपिसोडची वेळ डाव्या कडेला लिहा, म्हणजे नंतर सीन शोधायला त्रास होत नाही. कथा लिहून काढू नका, ती कुठेही वाचायला मिळते. फक्त हे तीन रकाने भरा.

सुरुवातीला निवेदकाचा जो आवाज येतो, जुन्या न्यूजरीलसारखा, तो टॉम केनचा. तो सोडू नका, दर वेळी नीट ऐका. तो सरकारी बातमीच्या थाटात बोलतो आणि सगळं रिपब्लिकच्या बाजूने सांगतो, त्यामुळे निवेदकाने काय सांगितलं आणि पुढे वीस मिनिटांत प्रत्यक्ष काय दिसलं यातला फरक हाच एक चांगला मुद्दा होऊ शकतो. त्याच्याही आधी पडद्यावर एक सुविचार येतो. 'हीरोज'चा सुविचार साधारण असा आहे की भीती माणसाला फार जोरात ढकलते, आणि 'पर्स्यूट'चा असा की सत्य भीतीच्या भुताला लोळवू शकतं. दोन्ही शेजारी शेजारी लिहा. पहिल्या एपिसोडमध्ये भीती जिंकते, दुसऱ्यात एका बाईच्या घरची खरी परिस्थिती सांगितल्यावर भीती हरते. लेखकाने दोन एपिसोड जोडी म्हणून बांधलेत हे इथेच कळतं.

आता 'हीरोज ऑन बोथ साइड्स' रकान्यांत टाकून बघू.

सिनेटपुढे प्रस्ताव आहे की बँकांवरची बंधनं उठवायची, म्हणजे युद्धासाठी हवं तेवढं कर्ज काढता येईल. पाद्मे विरोध करते, तिला शांततेची बोलणी हवी आहेत. पण सिनेटची अडचण अशी की सेपरेटिस्टांशी अधिकृत बोलणी करायची म्हणजे त्यांना मान्यता दिल्यासारखं होतं. मग पाद्मे आसोका या तरुण शिकाऊ जेडायला सोबत घेऊन गुपचूप रॅक्सस ग्रहावर जाते, ती सेपरेटिस्टांची राजधानी. तिथे तिची जुनी मैत्रीण सिनेटर मीना बॉन्टेरी आणि तिचा मुलगा लक्स. लक्सचे वडील क्लोनच्या हल्ल्यात गेलेत. इथे आसोका आणि लक्स बोलतात तो सीन पॉज करून करून बघा. आसोका इतके दिवस लढतेय पण सेपरेटिस्ट म्हणजे तिच्या डोळ्यापुढे डूकू, त्याचा सेनापती ग्रीव्हस आणि ड्रॉइड म्हणजे यंत्रमानव, बस. समोर एक तिच्याच वयाचा मुलगा उभा आहे, ज्याचे वडील तिच्या बाजूच्या सैन्याने मारलेत, आणि तिच्याकडे त्यावर बोलायला काही नाही. जेडाय म्हणून तिला शिकवलेलं सगळं तिथे अपुरं पडतं. इथून पुढची आसोका वेगळी आहे असं मला वाटतं, आणि योगायोग म्हणा की ठरवून म्हणा, याच एपिसोडपासून तिचा आणि तिच्या गुरूचा, अ‍ॅनाकिनचा पोशाख, चेहरामोहरा पण बदललाय, जरा मोठे दिसायला लागतात.

मग बॉन्टेरी सेपरेटिस्टांच्या संसदेत शांततेचा प्रस्ताव मांडते आणि तो मंजूर होतो. हो, त्यांनाही संसद आहे, सिनेटर आहेत, मतदान आहे. हा माझ्या मते या आर्कमधला सगळ्यात मोठा धक्का, आणि पहिल्या वेळी ढकलत बघितलं तर तो निसटतो.

आणि इकडे डूकूने पाठवलेले ड्रॉइड साफसफाईच्या ड्रॉइडच्या वेषात रिपब्लिकच्या राजधानीत, कोरसकँटवर शिरतात आणि शहराचं वीजकेंद्र उडवतात. सिनेटमध्ये चर्चा चालू असताना लाइट जातात. हा सीन मंद गतीने बघा. अंधार पडतो, सगळा हॉल घाबरतो आणि जे लोक काही वेळापूर्वी शांततेचा विचार करायला तयार होते तेच बँकांची बंधनं उठवायला मत देतात. आता तुमचे रकाने बघा: मागणी बँकांची आणि युद्धवाल्यांची, खर्च अजून दिसत नाही, फायदा बँकांना, डूकूला, आणि ज्याला तोंडातून अवाक्षर काढायची गरज पडली नाही त्या पॅल्पटीनला. दुसरा रकाना रिकामा आहे ना? तो रिकामाच ठेवा. त्याचं उत्तर पुढच्या एपिसोडमध्ये टेक्ला देते.

'पर्स्यूट ऑफ पीस'ला सुरुवातीलाच डूकूचा होलोग्राम येतो, मीना बॉन्टेरी रिपब्लिकच्या हल्ल्यात मेली म्हणून. खोटं आहे, तिला त्यानेच संपवलेलं असतं. शांततेचा प्रस्ताव गेला. लगेच कामिनो ग्रहाची सिनेटर हॅले बर्टोनी जादा क्लोनसाठी जोर लावते, आणि क्लोन तयार होतात कुठे तर कामिनोवर, हे वहीत ठळक लिहा. बँकिंग क्लॅनचा, म्हणजे बँका चालवणाऱ्या गटाचा प्रतिनिधी चढ्या व्याजाची गोष्ट करतो. आधीच्या एपिसोडमध्ये बंधनं उठली होती ती यासाठी. ज्याच्या घरात सावकारी कर्ज येऊन गेलंय त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही, आधी अट काढून टाकायची, मग गरज तयार करायची, मग दर वाढवायचा.

मध्ये फारला मारहाण होते, पाद्मेच्याच बाजूचा सिनेटर बेल ऑर्गना यालाही मारहाण होते, पाद्मेच्या मागे बाउंटी हंटर म्हणजे भाडोत्री शिकारी लागतात. तो पाठलाग मला लांबलेला वाटतो, तुम्ही पटकन गेलात तरी चालेल. पण बेल ऑर्गना जखमी झाल्यामुळे भाषण पाद्मेला करावं लागतं हे महत्त्वाचं. ती टेक्लाचं नाव घेऊन बोलते. आकडे, कलमं, संविधान काही नाही, एका बाईच्या घरचं पाणी आणि लाइट. जो पैसा या साध्या सोयींसाठी होता तो युद्धाकडे वळवला जातोय, एवढंच तिचं म्हणणं. आणि सभागृह तिच्या बाजूला झुकतं.

दुसरा रकाना आता भरा.

शब्दांचं काय करायचं

मराठीत लिहिताना इथे अडतं म्हणून थोडं सविस्तर सांगते. सेपरेटिस्टला पेपरातला तयार शब्द आहे, फुटीरतावादी. तो वापरू नका असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे तो शब्द कानावर पडला की वाचकाने निकाल देऊन टाकलेला असतो, आणि हा एपिसोड नेमका तो निकाल मोडायला लिहिलेला आहे, नावातच आहे की दोन्ही बाजूंना हीरो. सेपरेटिस्ट तसाच ठेवा. चॅन्सलरचं कुलपती करू नका, वाचकाला विद्यापीठ दिसायला लागतं. बिल मात्र विधेयक करा, नाहीतर लाइट बिल आणि सिनेटचं बिल एकाच परिच्छेदात येऊन घोळ होतो, आणि या आर्कमध्ये दोन्हींचा संबंध आहे म्हणून तर जास्तच. डीरेग्युलेशनला एका शब्दात बसवायच्या भानगडीत पडू नका, बँकांवरची बंधनं उठवणं असं सरळ लिहा, सगळ्यांना कळतं.

नावं एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. पाद्मे की पॅडमे, आसोका की अहसोका, वाद घालत बसू नका, ऐकून जे जवळचं वाटेल ते घ्या पण बदलू नका. संवाद शब्दशः मराठीत आणायचा हट्ट नको. तो माणूस लातूरला, नागपूरला किंवा सावंतवाडीला जन्मला असता तर हे कसं बोलला असता तसं मनात म्हणून बघा आणि मग सारांश लिहा.

लिहायला बसलात की

बऱ्याच जणांचा पहिला रिव्ह्यू म्हणजे नुसती कथा असते, आधी हे झालं मग ते झालं. माझाही तसाच होता, चार पानं लिहिली आणि वाचून बघितलं तर त्यात मी कुठेच नव्हते. त्यावर उपाय एकच, एका सीनपासून सुरू करा. पहिल्या फेरीत तुम्ही जिथे थांबलात तो सीन. तो डोळ्यासमोर उभा करा, कोण कुठे उभं होतं, उजेड कसा होता, आवाज कुठला होता, आणि मग मागे जा की हा क्षण कशामुळे आला. कथा दोनेक परिच्छेदात आटपा. बाकी जागा रकान्यांतून जे दिसलं त्याला द्या.

स्पॉयलरची सूचना पहिल्या ओळीत द्या. एपिसोडचा नंबर आणि सीझन लिहा, क्रमाचा गोंधळ वर सांगितलाच आहे, वाचकाला तो त्रास पुन्हा नको. जे नक्की माहीत आहे तेच लिहा, एखादं नाव किंवा आकडा आठवत नसेल तर एपिसोड परत लावून बघा, बावीस मिनिटांचा तर आहे.

आणि एक विनंती, कळकळीने करते. पात्रांच्या जागी आपल्याकडचे पक्ष आणि पुढारी बसवू नका. मोह होतो, मान्य आहे. हा अमुक पुढारी, तो तमुक पक्ष असं लिहिलं की वाचणारे लगेच दोन गटांत वाटले जातात, भांडण सुरू होतं आणि टेक्लाच्या पाण्याचं कोणी नाव काढत नाही. त्याऐवजी परिस्थितीची तुलना करा. अंधार झाल्यावर घाबरून दिलेलं मत, चढं व्याज, आटलेला नळ. वाचक त्याच्या गावचं उदाहरण स्वतः आणतो आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

स्टार, गुण, दहापैकी किती, हे मी देत नाही. द्यायचे असतील तर तीन एपिसोडना वेगवेगळे द्या, कारण ते एका दर्जाचे नाहीतच.

तक्रार पण लिहा

आवडतं म्हणून सगळं गोड लिहिलं तर वाचक विश्वास ठेवत नाही, आणि खरं सांगायचं तर या आर्कमध्ये उणिवा आहेत.

'सिनेट मर्डर्स' कच्चा आहे. युद्धखर्चाला विरोध करणाऱ्या गटातला ओनाकोंडा फार पेयातून विष देऊन मारला जातो, तपासाला लेफ्टनंट डिव्हो येतो, संशय विरोधी सिनेटरांवर, आणि शेवटी खुनी निघते फारचीच सहकारी लोलो पर्स. विष असं की फक्त रोडियन लोकांनाच लागू पडतं, त्यामुळे बाकी पिणारे वाचतात. तिचा राग हा की फारने पूर्वी सेपरेटिस्टांशी हातमिळवणी करून रोडियाला युद्धात ओढलं. रहस्यकथा म्हणून ठीक आहे. पण दोन एपिसोड सावकार, लॉबी, भीती असं सगळं उभं केल्यावर तिसऱ्यात एका व्यक्तीचा जुना राग हे उत्तर मिळतं तेव्हा राजकारणातून राजकारणच काढून घेतल्यासारखं वाटतं. याच्या उलट मत असू शकतं: भुकेसाठी केलेल्या तडजोडीची किंमत माणूस कशी चुकवतो ते यात आहे, म्हणूनच मी 'बॉम्बॅड जेडाय' आधी बघायला सांगितलं. तुमचं मत तिकडे झुकलं तर तसं लिहा, पण कारण द्या.

दुसरी उणीव मोठी आहे. सामान्य लोक दिसतच नाहीत. टेक्लाचा मोहल्ला, तिची पोरं, तो बंद नळ, काही पडद्यावर येत नाही, सगळं टेक्लाच्या आणि पाद्मेच्या तोंडून कळतं. कोरसकँटच्या उंच चकचकीत मजल्यांच्या पलीकडे कॅमेरा गेला असता, एखादा मिनिटभर जरी, तरी ते भाषण कितीतरी जड झालं असतं. आणि स्वतः क्लोन? पन्नास लाख माणसं बनवायची की नाही यावर चर्चा होते आणि एकाही क्लोनला कोणी विचारत नाही. पाद्मेसुद्धा नाही. हे लेखकांच्या हातून निसटलं की मुद्दाम ठेवलं यावर एक आख्खा वेगळा लेख होईल.

लिहून झालं की एक रात्र ठेवा. सकाळी मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते ती वाक्यं तोडा. मग मालिका न बघितलेल्या एका माणसाला आणि बघितलेल्या एका माणसाला वाचायला द्या. न बघितलेल्याला काही समजलं नाही तर कथा कमी पडलीय, बघितलेल्याला कंटाळा आला तर कथा जास्त झालीय.

पुढचा टप्पा

हा आर्क पचला की दोन वाटा आहेत. लक्सच्या मागे जायचं असेल तर सीझन ४ चा चौदावा 'अ फ्रेंड इन नीड', तिथे तो आईच्या खुनाचा आरोप डूकूवर उघड करतो, आणि मग सीझन ५ मधले एपिसोड २ ते ५, ऑन्डेरॉनचा उठाव.

कर्जाच्या मागे जायचं असेल तर सीझन २ चा चौथा 'सिनेट स्पाय' आणि नंतर सीझन ६ मधले ५, ६, ७: 'अ‍ॅन ओल्ड फ्रेंड', 'द राइज ऑफ क्लोव्हिस', 'क्रायसिस अ‍ॅट द हार्ट'. मी हीच वाट घ्यायला सांगेन. तोपर्यंत पॅल्पटीनचा आवाज बदललेला असेल, इयन अ‍ॅबरक्रॉम्बी २०१२ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी टिम करी आले, सुरुवातीला कानाला खटकतं. या तीन एपिसोडमध्ये बँकांच्या स्किपिओ ग्रहावरच्या तिजोऱ्या रिकाम्या असल्याचं उघड होतं, रश क्लोव्हिस हा माजी सिनेटर बँकेचा प्रमुख होतो, डूकू त्याला कात्रीत पकडून फक्त रिपब्लिकच्या कर्जाचं व्याज वाढवायला लावतो, युद्ध स्किपिओवर येतं आणि शेवटी सगळी बँकच चॅन्सलरच्या कार्यालयाच्या ताब्यात जाते. सीझन ३ मध्ये अंधारात दिलेल्या त्या मतापासून इथपर्यंत एक सरळ रेघ ओढता येते, तीच वही, तेच तीन रकाने पुढे चालू ठेवा.

आणि 'अ‍ॅन ओल्ड फ्रेंड' बघताना पाद्मेच्या सोबत स्किपिओवर कोण आलंय ते नीट बघा. टेक्ला मिनाउ आहे. तिथेच ती एम्बो नावाच्या बाउंटी हंटरच्या हातून मरते, त्याच बँकांच्या दारात, आणि गोष्ट फारशी न थांबता पुढे जाते. मी तिथे पॉज केलं होतं. आई आतल्या खोलीत होती, तिला हाक मारून सांगितलं की ती पाणीवाली बाई गेली. ती बाहेर आली, स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि तिने विचारलं, "मग तिची लेकरं?" त्याचं उत्तर मालिकेत नाही. माझ्या वहीत त्या पानावर दुसऱ्या रकान्यात तेवढाच प्रश्न लिहिलेला आहे.